खांदा तुमच्या यादीत बसत नाही

मा. केंद्रीय श्रममंत्री तथा अध्यक्ष, कर्मचारी राज्य विमा महामंडळ, नवी दिल्ली यांस,



आधीच्या अर्जांचे काय झाले, हे आता विचारत नाही. पोचेचे शिक्के ठसठशीत उमटले आहेत, त्याबद्दल आभार.

चाकणच्या कारखान्यांतल्या लाइनवर टॉर्क गन डोक्यावर धरून पाळी काढणाऱ्याचा हात एक दिवस वर जाईनासा होतो. मशीनमध्ये बोट सापडले असते तर ती कामावरची इजा: ९० टक्के पगार, बरे होईपर्यंत. खांदा सावकाश गेला, म्हणून साधा आजार: ७० टक्के, वर्षाला फार तर ९१ दिवस, सुरुवातीचे दोन दिवस कोरडे. १८,००० पगारावर दिवसाला ४२० रुपये. ब्याण्णवाव्या दिवशी शून्य. पुढचा ८० टक्क्यांचा वाढीव लाभ ३४ दीर्घ आजारांना आहे; त्यात मणक्याची सरकलेली चकती आहे, आखडलेला खांदा नाही. तो सुटायला वर्ष-दोन वर्षे जातात, हे कोणताही हाडांचा डॉक्टर सांगेल. कामावर असेपर्यंत वर्गणीत मात्र खंड नाही. याच पगारावर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५, दरमहा.

मग कामगार काय करतो? डॉक्टरांच्या हातापाया पडून ‘फिट’ लिहून घेतो. दुसऱ्या दिवशी तीच गन, तेच टार्गेट. हलके काम मागितले तर सुपरवायझर विचारतो, “फिट आहेस ना?” कंत्राटी असेल तर तेवढेही विचारत नाहीत, गेटपासच बंद होतो. घर आणि पूर्ण लाइन यांच्या मधे तुमच्या नियमांत काहीच नाही. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये डॉक्टरच्या दाखल्यावर मधले पर्याय छापले: टप्प्याटप्प्याने परत येणे, बदललेले काम, बदललेले तास, जागेतला फेरफार. चार चौकोन. त्याला कोणता निधी लागतो?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या २०१० च्या यादीत मनगटाची दबलेली नस आहे, कोपराचे दुखणे आहे. आपल्या अशाच अनुसूचीत शिसे, पारा, बेंझिन आहे. विषाने मरणारा दिसतो. हात गमावणारा दिसत नाही, की बघायचाच नाही?

मागणी एवढीच. अनुसूचीत हात आणि खांदा घाला. दाखल्यावर ‘हलके काम, इतके आठवडे’ असा रकाना छापा, तो मालकावर बंधनकारक करा, आणि त्या काळात कमी पडणारा पगार आमच्याच वर्गणीतून भरा.

उत्तरात ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असे कृपया लिहू नये. ते आमच्याकडे आधीच आहे.

एक कामगार प्रतिनिधी, चाकण