भिंत मागितली ती भाविकांनी

चर्च आणि राज्यसंस्था वेगळी असावीत, ही देव न मानणाऱ्यांची मागणी होती, असं अमेरिकेतही अनेकजण धरून चालतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे.

१. १८०१ साली कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहिलं. त्यांच्या राज्यात काँग्रिगेशनल चर्च सरकारमान्य होतं आणि ते लोकांच्या करावर चाले. इतर पंथीयांना करातून सूट हवी असेल, तर तसा दाखला सादर करावा लागे. आम्हाला मिळतं ते मेहरबानी म्हणून, हक्क म्हणून नव्हे, ही त्यांची तक्रार होती. १ जानेवारी १८०२ च्या उत्तरात जेफरसन यांनी चर्च आणि राज्य यांच्यातल्या भिंतीचा उल्लेख केला.

२. ही प्रतिमा त्याहून जुनी. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेले, १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवणारे रॉजर विल्यम्स यांनी १६४४ मध्येच चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामधल्या कुंपणाबद्दल लिहिलं होतं. विल्यम्स पक्के श्रद्धाळू. त्यांना काळजी होती ती बागेची.

३. खरी लढाई झाली व्हर्जिनियात. तिथे परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट धर्मोपदेशकांनी तुरुंग भोगला होता. १७८४ मध्ये तिथल्या विधिमंडळात पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर सुचवला. आपला पैसा कुठल्या पंथाला जावा, हे करदात्यानेच ठरवायचं. वरवर पाहता किती उदार! त्याच विधिमंडळातल्या मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिलं: धर्मासाठी तीन पेन्सदेखील सक्तीने घेणं गैर. मला त्याहून मोलाचं वाटतं ते बाप्टिस्टांचं वागणं. त्यांच्याही वाट्याला पैसा येणार होता, तरी ते विरोधात उभे राहिले. विधेयक बारगळलं आणि १७८६ च्या जानेवारीत जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला.

४. सरकारमान्य धर्म नाकारणारी १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती तेव्हा फक्त केंद्र सरकारला बंधनकारक होती. म्हणून कनेक्टिकटमधलं सरकारी चर्च १८१८ पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समधली तशीच व्यवस्था १८३३ पर्यंत टिकली. हे मान्यच करायला हवं.

५. धर्माला सार्वजनिक जीवनातून हाकलणं हा हेतू नव्हता. डॅनबरीकरांना ते उत्तर लिहिल्यावर दोनच दिवसांनी जेफरसन प्रतिनिधिगृहात भरलेल्या उपासनेला गेले. आक्षेप होता तो सक्तीला आणि सरकारी तिजोरीला.

६. २०२२ मध्ये मेन राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की खासगी शाळांच्या फीसाठी राज्य मदत देत असेल, तर धार्मिक शाळांना वगळता येणार नाही. कारण शाळा पालक निवडतात. मला हा निकाल चुकीचा वाटतो. हेन्रींच्या विधेयकातही निवड करदात्याचीच होती.