एसएमपीएस फुकट मिळत नसतो

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो चिडून. तेव्हा मंडळी, आज काही गोडगोड मिळणार नाही.

झालं असं की, माझी धाकटी बहीण असते अकोल्याला. घरीच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, एखादी स्मरणिका. एप्रिल-मे म्हणजे तिचा सुगीचा हंगाम, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रोज दुपारी मान टाकायला लागला. भाच्याचा फोन, "मामा, दोन वाजले का बंदच पडते हे." सकाळी ठणठणीत, रात्री ठणठणीत, दुपारी दोन ते पाच मात्र दर पंधरा मिनिटांनी अंधार.

दुरुस्तीवाला आला. "विंडोज करप्ट झाली ताई, फॉरमॅट मारा लागते." मारलं. पुन्हा तेच. मग रॅम काढून खोडरबराने घासून झाली. मग व्हायरस. तीन आठवडे, तीन फेऱ्या, दर फेरीचे पैसे वेगळे. मागच्या बाजूच्या त्या पत्र्याच्या डब्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या आठवड्यात डब्यातून 'फट्' असा आवाज आला, जळका वास सुटला आणि जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. डिस्कवर अकरा गिऱ्हाइकांच्या अर्धवट पत्रिका होत्या. आणि बाबांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंग्जची एकमेव प्रत.

दुकानदाराला शिव्या घालणं सोपं आहे, घालणारही आहे. पण आधी स्वतःला घालतो. दीड वर्षापूर्वी हे कोटेशन तिने मला दाखवलं होतं. मी पुण्यात बसून मोठ्या शहाणपणाने "रॅम दुप्पट कर, प्रोसेसर हाच ठेव" असं सांगितलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. त्या ओळीवरून माझी नजर घसरून गेली. आपल्या सगळ्यांचीच जाते. प्रोसेसरसाठी आठ दिवस चर्चा करतो आपण, आणि ज्या वस्तूतून प्रत्येक भागाला वीज जाते ती कॅबिनेटबरोबर फुकट आली म्हणून खूश होतो.

मेलेला डबा मी नंतर उघडून पाहिला. (कोणी घरी करू नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चांगलाच झटका देऊ शकतो.) आतले दोन कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले. अंगावर लिहिलेलं ८५ अंश. इथेच सगळी गोम आहे. या कपॅसिटरांचा ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे तेवढ्याच तासांची हमी असलेला १०५ अंशांचा कपॅसिटर त्याच उन्हाळ्यात याच्या चौपट टिकेल. आता मे महिन्यातली अकोल्याची दुपार आठवा. बाहेर ४५, खोलीत चाळिशी, कॅबिनेटच्या आत त्याहून दहा अंश जास्त. ती हवा ओढून हा बिचारा स्वतःला 'थंड' करणार! शिवाय पंखा धुळीने गच्च झालेला.

आणि वर लेबलवर ठळक अक्षरात '४५० वॅट'. त्याखाली बारीक अक्षरात १२ व्होल्टसमोर लिहिलंय १६ अँपिअर. करा गुणाकार. १९२ वॅट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर काय, ग्राफिक्स कार्ड काय, सगळी मोठी भूक १२ व्होल्टवर असते. मग बाकीचे अडीचशे वॅट कुठे गेले? बाकीच्या व्होल्टेजांसमोर मोठमोठे आकडे छापून बेरीज भरून काढलेली असते. भाजीवाल्याने मापात मारलं तर आपण भर बाजारात भांडतो. इथे मात्र काटा तपासायला कोणी वाकत नाही.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. हे सगळं घरच्या ग्रुपवर सांगितल्यावर आमचे एक मावसबंधू (वाचत असशील तर नमस्कार) लगेच म्हणाले, "घ्यायचा तर ८० प्लस गोल्ड, ७५० वॅटचा, नाहीतर घेऊच नये." अरे बाबा, तिच्याकडे ग्राफिक्स कार्डसुद्धा नाही! तिचा अख्खा कॉम्प्युटर भर कामातही दीडशे वॅटच्या आत असतो. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. वस्तू किती वर्षं टिकेल हे सांगत नाही. आणि ती चाचणी होते साधारण २३ अंशांना. २३ अंशांना अकोल्यात माणसं मफलर गुंडाळतात हो.

त्या शिक्क्याला किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दीडशे वॅट द्यायचे आणि कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर डब्यातच सुमारे ६४ वॅटची उष्णता होते. ८५ टक्के असेल तर २६. उन्हाळ्यात एवढा फरक मोठा असतो. म्हणून साधा ब्रॉन्झ घ्या, ४०० ते ४५० वॅटचा, पण प्रामाणिक वॅटचा. १२ व्होल्टची बेरीज एकूण आकड्याच्या जवळ यायला हवी. कंपनी पूर्ण वॅट किती तापमानाला देते तेही बघा. ४० अंश लिहिलं असेल तर बरं, ५० असेल तर उत्तम, काहीच लिहिलं नसेल तर दुकानातून बाहेर पडा. असा एसएमपीएस अडीच-तीन हजारांच्या आसपास येतो. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, कॅबिनेटवरचे रंगीत दिवे सोडा. यात तडजोड नको.

मागे ११५/२३० चं लाल बटण असलेला तर घेऊच नका. उन्हाळ्यात गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं. अॅक्टिव्ह पीएफसीवाला, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस ते निमूट सोसतो. तो घरच्या स्वस्त यूपीएसशी क्वचित भांडतो, म्हणून विकत घेतानाच यूपीएसवर टाकून, वीज घालवून बघा.

आणि अर्थिंग! बहिणीकडे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तिच्या घरी कित्येक वर्षं गंमत होती. म्हणजे तीन पिनांचा बोर्ड भिंतीवर शोभेला, तिसऱ्या पिनेच्या मागे तारच नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा थोडा प्रवाह जमिनीत जायचा तो पत्र्यावर येऊन बसतो. कॉम्प्युटरच्या दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलवा.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कोण करणार, गरीब माणसाला स्वस्तच परवडतं. हाच तर माझा राग आहे. ज्याच्याकडे एसी आहे त्याचा रद्दी एसएमपीएससुद्धा चार वर्षं ओढतो. स्वस्त माल विकला जातो तो नेमका पत्र्याच्या आणि स्लॅबखालच्या खोल्यांत, जिथे तो आधी मरणार. दुकानदाराला हे ठाऊक असतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक वॅट विचारते, अँपिअर कोणी विचारत नाही." आता काय बोलणार? खरंच होतं ते.

असो. डिस्कचं सांगायचं राहिलं. ती मी नागपूरच्या एका कारागिराकडे नेली. त्याने डिस्कखालची हिरवी पट्टी उलटी केली, मीटर लावला आणि म्हणाला की जास्त व्होल्टेज आलं तेव्हा रक्षणासाठी बसवलेला छोटा डायोड स्वतः शॉर्ट झालाय. तो चिमट्याने उचलून काढला. डिस्क फिरायला लागली. "आता आधी कॉपी करा, मग चहा प्या," म्हणाला. बाबांचा आवाज आता तीन ठिकाणी आहे. पत्रिका मात्र उशिरा मिळाल्या. अकरापैकी सात जणांनी काम दुसरीकडे दिलं होतं.