डावीकडचं दार



मागच्या महिन्यात मी एका माणसाला सायकलवरून पाडलं. गाडी मी चालवत नव्हतो. टॅक्सीत मागे डावीकडे बसलो होतो, कानाला ऑफिसचा कॉल. गच्चीबोवलीत ऑफिसच्या अलीकडच्या चौकात सिग्नल लाल झाला, तेव्हा ‘इथेच उतरतो’ म्हणत मी दार उघडलं. टॅक्सी आणि फुटपाथ यांच्यात जेमतेम एका सायकलीपुरती जागा होती. त्या जागेतून तो येत होता.

रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, पन्नाशीचा. हँडलला अडकवलेला डबा घरंगळत गेला. कोपर सोललं, गुडघ्यावर पँट फाटली. डोकं फुटपाथच्या दगडापासून वीतभर लांब. मी डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर “नक्को साब, दवाखाना नक्को,” म्हणत तो चाक वाकडं झालंय का तेच बघत होता. (हैदराबादी दखनीतला हा ‘नक्को’ आपल्या मराठीतलाच, हे मी एरवी पाहुण्यांना कौतुकाने सांगतो.) आग्रहाने दवाखान्यात नेलं, रिमचे पैसे दिले. कॉल केव्हा तुटला, कळलंच नाही.

आपल्याकडे सायकल म्हटलं की हेल्मेटवाले हौशी डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यासाठी आउटर रिंग रोडला 2023 मध्ये 23 किलोमीटरचा सौर छताचा ट्रॅक झाला, छानच आहे. पण वॉचमन, पेपरवाला, हॉटेलात कामाला जाणारा पोरगा, यांची वाट त्या ट्रॅकवरून जात नाही. ते आपल्या डाव्या आरशाच्या कोपऱ्यातच असतात, आणि आरशाला सगळं दिसत नाही.

दाराचा उपाय अगदी साधा आहे. दाराच्या बाजूच्या हाताने कडी ओढू नका, लांबच्या हाताने ओढा. डावीकडे बसला असाल तर उजव्या हाताने, ड्रायव्हर असाल तर डाव्या. हात आडवा नेला की खांदा वळतो आणि मागचा रस्ता आपोआप दिसतो. याला ‘डच रीच’ म्हणतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही 2022 पासून ही पद्धत आहे. घरात मुलांना आठवडाभर आठवण करावी लागली. बायकोला नाही, ती मलाच करते.

चौकात चूक वेगळी होते. फ्री लेफ्ट दिसला की आपण पुढच्या सायकलला ओव्हरटेक करतो आणि लगेच तिच्यासमोरून डावीकडे वळतो. तो सरळ जाणार असेल तर थेट आपल्या दारावर येतो. त्याच्यामागे थांबलो तर पाच-दहा सेकंद जातात. बस-ट्रकची गोष्ट आणखी वाईट, कारण वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत कापत येतात. म्हणून सायकल चालवणाऱ्या मुलांना सांगा, सिग्नलला बसच्या डाव्या कुशीत उभं राहायचं नाही. मागेच थांबायचं.

सिग्नल नसलेल्या चौकात, मुख्य रस्ता ठरलेला नसेल तर, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपण लायसन्सपुरतं पाठ केलेलं असतं. येणारा सायकलवर असला तरी नियम तोच.

परवा तो वॉचमन पुन्हा दिसला. रिम नवी, डबा तोच, चेपलेला. पुढे एक टॅक्सी उभी होती. तिच्यापाशी येताच तो खाली उतरला आणि सायकल हाताने ढकलत पुढे घेऊन गेला.