आमच्या डोक्यावरचे छप्पर

फराळाच्या ताटाशी बसून भांडण उकरून काढू नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. आमचे वडील चकलीचा पहिला तुकडा मोडताना हा दंडक मोठ्याने बोलून दाखवीत आणि दुसऱ्या तुकड्याबरोबर स्वतःच तो मोडीत. मी त्यांचाच मुलगा. तेव्हा वाचकांनी करंजी हातात घ्यावी, चहाचा पेला जवळ ओढावा आणि माझे भांडण ऐकून घ्यावे. ते कोणा एका माणसाशी नाही. ते एका सपाट, करड्या, चार इंच जाडीच्या वस्तूशी आहे. तिला स्लॅब म्हणतात. आणि ज्याच्या घरावर स्लॅब पडला तो माणूस सुधारला, अशी आमच्या रत्नागिरीत ठाम समजूत होऊन बसली आहे.

माझे म्हणणे आधीच थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचे नसेल त्यांना रांगोळीकडे वळता येईल. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे पुण्याच्या सुमारे चौपट पाऊस पडतो, तिथे घरावर सपाट छप्पर घालणे हा शहाणपणा नव्हे. आणि कौलारू घर म्हणजे गरिबी ही समजूत तर निव्वळ खोटी आहे.

आता पुरावा. तो शोधायला लांब जायला नको. आमच्या आळीतून एक फेरी मारली तरी पुरे. माझ्या लहानपणी आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल कौलांची एक ओळ होती. मधूनमधून माडांची डोकी वर येत. आज कौलारू घरे हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी उरली आहेत. बाकीची ‘पक्की’ झाली. पण त्या पक्क्या घरांकडे जरा मान वर करून पाहा. स्लॅब पडल्याला चार-पाच पावसाळे होतात न होतात तोच त्यावर लोखंडी खांब उभे राहतात आणि खांबांवर पत्र्याची उतरती शेड चढते. का? तर स्लॅब गळतो म्हणून! म्हणजे छपराला पाऊस लागू नये यासाठी छपरावर छप्पर. डोक्यावर टोपी घालावी आणि टोपी भिजू नये म्हणून तिच्यावर इरले घ्यावे, तसला हा प्रकार. आणि ते दुसरे छप्पर कसे? तर उतरते. मग पहिल्यालाच उतरते का केले नाही, हे विचारले की लोक हसतात आणि म्हणतात, “सर, तुम्ही जुन्या काळातले.”

पत्र्यावरचा पाऊस ज्याने ऐकला नसेल त्याने जुलैत आमच्याकडे यावे. कौलांवर पाऊस पडतो तेव्हा त्याचा आवाज येतो, पण त्या आवाजात गोष्ट सांगता येते, परवचा म्हणता येतो, म्हाताऱ्या माणसाला डुलकी लागते. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा समोरासमोर बसलेली माणसे एकमेकांना खुणा करतात.

दुसरा पुरावा आमच्या ओटीवर दर मे महिन्यात आपण होऊन चालत येतो. शेजारच्या एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घर पाडून स्लॅबचे बांधले. वास्तुशांतीला आम्हांला पुरणपोळी वाढताना ते म्हणाले होते, “आता सात पिढ्यांची चिंता मिटली.” आता मे महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास तेच गृहस्थ उशी काखेत मारून आमच्याकडे येतात आणि ओटीवर चटई पसरतात. मी काही विचारीत नाही. तेही काही बोलत नाहीत. पहाटे उठून चहा घेऊन जातात.

यात गूढ काही नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच ऊन खोलीत ओततो. जिथे रात्री चांगला गारवा पडतो अशा कोरड्या मुलखात जाड छपराचा उपयोग होतो. समुद्रकाठी दिवस आणि रात्र यांच्या उष्म्यात फारसा फरक नसतो, आणि हवा दमट, त्यामुळे अंगावरचा घाम सुकत नाही. इथे माणसाला हवा असतो तो वारा. कौल पातळ असते. सूर्य कलला की ते लवकर निवते, आणि कौलांच्या फटींतून वर जमलेली गरम हवा आपल्या वाटेने निघून जाते. देशावरच्या माणसांनी आपल्या हवेला ओळखून मातीची माळवदे आणि धाबी घातली. तिथे पाऊस थोडा, ऊन कडक. त्यांचे बरोबरच होते. कोकणातल्या माणसांनी आपल्या हवेला ओळखून छप्पर उतरते केले आणि त्याच्या वळचणी हातभर पुढे आणल्या, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील. स्लॅबच्या घराला असली वळचण नसते. पावसाची झड थेट भिंतीवर बसते आणि श्रावण सरेतो नव्या कोऱ्या रंगावर शेवाळाचे हिरवे ओघळ उतरलेले असतात.

शिवाय खारी हवा. समुद्राकडून येणारे मीठ काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत शिरते आणि आतल्या सळ्या गंजवते. गंजलेली सळी फुगते आणि आपल्यावरचे काँक्रीट फोडून खाली पाडते. चार इंची स्लॅबच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे दोनशे चाळीस किलो भरते. कौल फुटले तर त्याच्या जागी दुसरे बसवता येते. स्लॅबच्या खपल्या पडू लागल्या तर तसे एक तुकडा काढून दुसरा बसवणे होत नाही. खाली झोपलेल्यांनी खाट सरकवावी, एवढाच तत्काळ उपाय!

कोणी म्हणेल, हा म्हातारा नव्याचा वैरी आहे. मुळीच नाही. ज्या मंगलोरी कौलाची मी तरफदारी करतो आहे, ते कौलही एके काळी नवेच होते, आणि परक्यांनी आणलेले होते. १८६५ साली बासल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. त्याआधी आमच्याकडे कुंभाराच्या हातची अर्धगोल नळ्यांची कौले असत, किंवा गवताने शाकारलेली छपरे. यंत्रावरचे चपटे, खाचेत खाच बसणारे कौल आले तेव्हा आमच्या पूर्वजांनी ते आनंदाने घेतले. कारण ते इथल्या पावसाला आणि इथल्या वाऱ्याला मानवले. नव्याची परीक्षा अशी करायची असते. ‘पुण्या-मुंबईला आहे’ ही परीक्षा नव्हे.

आणि गरिबीचे म्हणाल, तर टिळक आळीत जाऊन या. १८५६ साली लोकमान्य ज्या घरात जन्मले ते घर सरकारने जपून ठेवले आहे. ते कौलारू आहे. तेही सोडा. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले आणि पुढे १९१० मध्ये त्याला राहायला राजवाडा बांधून दिला. राजाला कैदेत ठेवणाऱ्यांनी त्याच्या डोक्यावर काय घातले? जांभ्या दगडाच्या भिंतींवर उतरते छप्पर! मांडवीच्या वाऱ्याची आणि आषाढाच्या पावसाची त्यांना धास्ती होती. तेव्हा आमच्या आळीतल्या कोणाला कौलारू घरात राहायची लाज वाटत असेल, तर त्याने हे दोन पत्ते लक्षात ठेवावेत.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती माझ्या घरातच बसलेली आहे. हा लेख मी आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पागोळ्या तुमच्या आणि केरसुणी माझी.” हे खरे आहे. चैत्र-वैशाखात कौलांतून बारीक धूळ सतत गळत असते. मांडणीतली भांडी पुन्हापुन्हा पुसावी लागतात. उंदीर वाशांवरून फेऱ्या घालतात, कधी विंचूही निघतो. माकडांची टोळी आली की एका दुपारी पन्नास कौलांचा चुरा करून जाते. आणि आषाढात मध्यरात्री टपटप सुरू झाली म्हणजे अंधारात चाचपडत पातेली मांडायला उठत ती आमची आई. ललित लेख लिहिणारे पुरुष त्या वेळी कूस बदलीत. तेव्हा कौलांचे गोडवे गाताना हा हिशेब मांडलाच पाहिजे. पण या हिशेबाचे उत्तर स्लॅब नव्हे. कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी घातली की धूळ थांबते आणि ऊनही थोपते. लाकूड परवडत नसेल तर लोखंडी वासे घाला, माझी काही तक्रार नाही. पातेल्यांचे म्हणाल, तर आमच्या शेजारच्या स्लॅबच्या घरातही गेल्या पावसाळ्यात पाहुण्यांच्या खोलीत पातेले मांडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

वादळाचा मुद्दा याहून अवघड आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगडकडे कौले पाचोळ्यासारखी उडाली. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते आले. त्यात आमच्या घराचीही शे-दीडशे कौले गेली. त्या रात्री आम्ही माजघरात जाजमाखाली बसलो होतो आणि मला भीती वाटली, हे कबूल करतो. अशा रात्री स्लॅबखाली बसलेला माणूस निर्धास्त असतो, हेही कबूल. म्हणून माझे म्हणणे असे की घरात एक खोली स्लॅबची असू द्या. वादळात सगळ्यांनी तिथे बसावे. कौले आढ्याशी आणि वळचणीशी तारेने बांधून घ्यावीत. पण दहा-वीस वर्षांतल्या एका रात्रीसाठी बाकीच्या सगळ्या रात्री भट्टीत काढायच्या, हा कुठला हिशेब? आणि वादळात स्लॅबवरचे पत्रेही उडालेच की! उडालेला पत्रा दुसऱ्याच्या अंगणात पडतो तेव्हा तो कौलासारखा फुटत नाही, कापतो.

तिसरा आक्षेप असा की कौले परतायला माणूस मिळत नाही. हा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो, कारण यात दोष आमचा आहे. दरसाल आगोटीला आमच्याकडे एक तात्या येत. अनवाणी पायांनी छपरावर मांजरासारखे चालत. एक कौल पायाखाली फुटायचे नाही. कोणते कौल खुडूक आहे हे ते नुसत्या बोटाच्या टिचकीने ओळखीत. त्यांना आम्ही काय दिले? दिवसाची मजुरी, दोन कप चहा आणि वर “हळू रे” असा उपदेश. त्यांचा मुलगा आता मुंबईला एका इमारतीत पहारा करतो. ज्या कामाला आम्ही कधी कसब म्हटले नाही, त्या कामाला माणूस कुठून उरणार? प्लंबरला आणि वायरमनला आपण मागेल ते देतो आणि खुर्चीही देतो. छपरावर चढणाऱ्याला तेवढे दिले असते तर हा आक्षेप निघाला नसता.

हे सगळे मी आजच का लिहितो आहे, तेही सांगून टाकतो. माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो. घर दोघांच्या नावावर आहे. दिवाळीला तो येताना एका कंत्राटदाराने काढलेला नकाशा घेऊन आला. घर पाडायचे, खाली गाड्या, वर दोन मजले, वर गच्ची. नकाशात ओटी नाही, पडवी नाही. मी विचारले, “माणसे बसणार कुठे?” तो म्हणाला, “दादा, हॉलमध्ये. आणि हल्ली येतं कोण?”

त्याचे म्हणणे वाईट हेतूचे नाही. त्याला आईच्या पातेल्यांची आठवण आहे. उलट माझ्यापेक्षा जास्त आहे, कारण तिच्याबरोबर तो उठत असे. पण “हल्ली येतं कोण” याचे उत्तर त्याला नकाशात सापडणार नाही. आमच्या पडवीत कोळीण पाटी टेकवून पाणी मागते. पावसात अडकलेली शाळेची मुले उभी राहतात. पोस्टमन घाम पुसतो. शेजारचे गृहस्थ उशी घेऊन येतात. यांतला एकही माणूस बंद दाराची घंटा वाजवून हॉलमध्ये येणार नाही. त्यांना आत बोलवावे लागत नाही, म्हणूनच ती येतात. पडवी गेली की ही माणसे रुसत नाहीत, नुसती येईनाशी होतात. मग आपण म्हणतो, हल्ली येतं कोण.

माझ्या बाजूच्या माजघरात एक काचेचे कौल आहे. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली उतरतो आणि दिवसभर सारवलेल्या जमिनीवरून सरकतो. तो जात्यापाशी आला की जेवणाची वेळ झाली, हे आईने आम्हां दोघांना शिकवले. पाडव्याच्या दिवशी मी भावाला त्या चौकोनापाशी बसवले आणि त्याचा नकाशा त्याच्या हातात परत दिला. सही केली नाही. त्याऐवजी एका कागदावर हिशेब मांडून दिला : नवी कौले, लोखंडी वासे, तक्तपोशी, न्हाणीघराच्या बाजूला एक पक्की खोली आणि दरसाल कौले परतणाऱ्याला मानाची मजुरी. कंत्राटदाराच्या आकड्याच्या निम्म्यानेही हे होते. तो बराच वेळ कागदाकडे पाहत होता. “विचार करतो,” म्हणाला. भाऊबीजेनंतर तो डोंबिवलीला जाईल आणि मार्गशीर्षात परत येईल. तेव्हा काय ते ठरेल. ठरले नाही तर आम्ही दोघे भाऊ भांडू, पण सही मी करणार नाही.

तोवर आमच्या पडवीत जागा मोकळी आहे. या लेखावर ज्याला वाद घालायचा असेल त्याने पत्र लिहिण्याऐवजी सरळ यावे. फराळ अजून शिल्लक आहे.