अपुऱ्या राहिलेल्या खेळाचा न्याय

कॅनडांतील एडमंटन शहरीं नोकरीनिमित्त राहणारा माझा पुतण्या गेल्या महिन्यांत सुटीस घरीं आला होता. रात्रीं जेवणें आटोपून मंडळी माजघरांत बसली असतां त्यानें एक जुनें गाऱ्हाणें काढलें. "काका, तुम्ही जन्मभर मुलांचे पेपर तपासलेत. ज्याचे गुण ८३ तो खालीं आणि ज्याचे ८२ तो वर, हा कुठला न्याय?" गाऱ्हाणें हॉकीचें होतें; आणि तेंहि आपल्या मैदानी हॉकीचें नव्हे, तर पायांत पात्यांचे बूट घालून बर्फावर खेळतात त्या हॉकीचें. मला त्या खेळांतलें ओ कीं ठो कळत नाहीं. परंतु गुणांचा प्रश्न निघाल्यावर मास्तराला गप्प बसवत नाहीं, हें वाचकांस ठाऊक आहेच.

हकीकत अशी. अमेरिका व कॅनडा या देशांतील 'नॅशनल हॉकी लीग'मध्यें तेव्हां ३१ संघ होते. प्रत्येकानें हंगामांत ८२ सामने खेळावयाचे. विजयास दोन गुण, जादा वेळांत हार झाल्यास एक. आणि शेवटीं पूर्व व पश्चिम गटांतील मिळून पहिल्या सोळा संघांनीं स्टॅन्ले करंडकासाठीं झुंजावयाचें. १२ मार्च २०२० रोजीं करोनाच्या साथीमुळें हा हंगाम मध्येंच थांबला. त्या दिवशीं कोणाचे ६८ सामने झाले होते, तर कोणाचे ७१. एडमंटनचे ७१ सामन्यांत ८३ गुण होते, आणि डॅलसचे ६९ सामन्यांत ८२. पुतण्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच आहे. मिळूं शकणाऱ्या गुणांशीं प्रमाण काढलें तर डॅलसचे ५९.४ टक्के होतात आणि एडमंटनचे ५८.५. एकानें दोन प्रश्न अधिक सोडवून एकच गुण अधिक मिळविला, तर त्याला कोणी वरचा नंबर देत नाहीं. चालकांनीं बेरीज न धरतां प्रमाण धरलें, हें मला योग्य वाटतें.

परंतु खरी अडचण पुढेंच होती. करंडकासाठीं घ्यावयाचें कोणाला? निकालच लावावयाचा नाहीं, हाहि एक मार्ग असतो. १९१९ सालीं सिएटल येथें याच करंडकाचे अंतिम सामने चालू असतां इन्फ्लुएंझाची साथ खेळाडूंत शिरली. दोन्ही संघांचे दोन-दोन विजय झाले होते आणि एक सामना बरोबरींत सुटला होता. माँट्रिऑलच्या संघानें हार पत्करण्याची तयारी दाखविली, पण सिएटलनें तो आयता विजय नाकारला. माँट्रिऑलचा खेळाडू जो हॉल त्या दुखण्यांत वारला, आणि त्या वर्षीं करंडक कोणासच मिळाला नाहीं. २०२० सालीं मात्र खेळ पुरा करावयाचा असें ठरलें.

आमच्या न्यायशास्त्रांत लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांपैकीं दोन येथें कामास येतात. 'गाय म्हणजे कपिल वर्णाचा पशु' असें म्हटलें तर पांढऱ्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ति. 'गाय म्हणजे शिंगें असलेला पशु' असें म्हटलें तर म्हशीहि आंत शिरतात; ही अतिव्याप्ति. नेहमींप्रमाणें सोळाच संघ घ्यावे, तर ज्यांचे अकरा ते चौदा सामने उरले होते आणि जे एकदोन गुणांनींच मागें होते, त्यांची संधि साथीनें हिरावून घेतली असें होतें. अधिक घ्यावे, तर ७१ सामन्यांत केवळ ७१ गुण मिळविणारा माँट्रिऑलचा संघहि आंत येतो. २६ मे रोजीं जाहीर झालेल्या योजनेंत २४ संघ घेतले होते, म्हणजे चालकांनीं अतिव्याप्ति पत्करली. माझ्या मतें तेंच बरोबर होतें. चुकून आंत आलेल्याला मैदान बाहेर काढूं शकतें. चुकून बाहेर राहिलेल्याला मात्र दाद मागावयास जागाच उरत नाहीं.

प्रत्येक गटांतील पहिले चार संघ थेट पुढच्या फेरींत गेले. उरलेल्या सोळा संघांनीं आधीं पांच सामन्यांची, म्हणजे तीन विजयांची, पात्रताफेरी खेळावयाची होती. डॅलस चौथा असल्यानें सुटला, आणि पांचव्या एडमंटनला बाराव्या शिकागोशीं झुंजावें लागलें. १ ऑगस्टपासून टोरोंटो व एडमंटन या दोनच शहरीं, प्रेक्षकांवांचून, सामने झाले. एडमंटन आपल्याच गांवीं रिकाम्या खुर्च्यांपुढें ३-१ असें हरलें. तिकडे माँट्रिऑलनें ६९ सामन्यांत ८६ गुण मिळविणाऱ्या पिट्सबर्गलाहि ३-१ असेंच हरविलें. पुढच्याच फेरींत शिकागो व माँट्रिऑल दोघेहि बाहेर पडले; परंतु ज्यांना त्यांनीं घालविलें ते परत थोडेच येणार!

योजनेचा दोष मला येथें दिसतो. दर सामन्यांत शंभरांत साठ वेळां जिंकेल असा सरस संघ घ्या. गणित मांडलें तर पांच सामन्यांच्या फेरींत तो शंभरांत ६८ वेळां तरतो आणि सात सामन्यांच्या फेरींत ७१ वेळां. म्हणजे तीस वेळां तरी काकतालीय न्यायानें दुबळा वर येणारच. मग दुबळ्याला दार उघडतांना सरसाच्या पदरीं कांहीं बांधावयास नको होतें काय? त्याचा एक विजय आधींच जमा धरला असता, तर तोच संघ ८२ वेळां तरला असता. दार उघडेंच राहतें, आणि पांच महिन्यांच्या मेहनतीलाहि मोल येतें.

दुसरी गोष्ट बोस्टनची. ७० सामन्यांत १०० गुण मिळवून शंभरी गाठणारा तो एकटाच संघ होता. परंतु पहिल्या चारांचा परस्परांतील क्रम केवळ तीन नव्या सामन्यांवर ठरावयाचा होता. ते तिन्ही हरून बोस्टन चौथें झालें, आणि पश्चिमेंत अग्रणी असलेल्या सेंट लुईची तीच गत झाली. त्या तीन सामन्यांचे गुण पहिल्या सत्तरांत मिळवून प्रमाण काढलें असतें, तर तीन वेळां हरूनहि बोस्टन पहिलेंच राहिलें असतें. चाचणी परीक्षेसाठीं वार्षिक परीक्षेचे गुण पुसून टाकावे, तसाच हा प्रकार झाला.

तथापि एका गोष्टीबद्दल चालकांस श्रेय दिलें पाहिजे. निम्म्यावर नियम बदलतांना कोणत्या कलमानें कोणाचा लाभ होणार हें सर्वांस दिसत असतें; म्हणून तेथें संमति हाच आधार. खेळाडूंच्या संघटनेंत प्रत्येक संघाच्या प्रतिनिधीनें मत दिलें, आणि २९ विरुद्ध २ मतांनीं योजना मान्य झाली. विरोधी मतें कॅरोलायना व टॅम्पा बे यांचीं होतीं. थेट पुढें जाणाऱ्यांना खऱ्या चुरशीचा सराव मिळणार नाहीं, अशी टॅम्पाची तक्रार होती. मत हरल्यावर ते रुसून बसले नाहींत. खेळले, आणि २८ सप्टेंबर रोजीं अंतिम फेरींत डॅलसला ४-२ असें हरवून करंडक घेऊन गेले.

हें सर्व पुतण्याला समजावून सांगतांना मला माझीच एक गोष्ट आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळेंत श्लोकपाठांतराची स्पर्धा होती. मुसळधार पाऊस आला, ओढा चढूं लागला, म्हणून मीं मुलांना लवकर घरीं सोडलें. तीन मुलांची पाळी राहिली होती. मीं झालेल्यांतूनच क्रम लावला आणि दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं बक्षिसें वांटलीं. मधल्या सुटींत त्या तिघांतला एक जण माझ्या टेबलाशीं येऊन उभा राहिला. "गुरुजी, माझें नुसतें ऐकतां का? बक्षीस नको." मीं म्हटलें, "आतां निकाल लागला, बाळ." त्याचे श्लोक मीं कधींच ऐकले नाहींत. कदाचित् तो बाराव्या नंबराचाच असेल. पण तें मला कळावयाचें राहिलें तें राहिलेंच.

पुतण्या सर्व ऐकून म्हणाला, "म्हणजे काका, आमच्यावर अन्याय झाला कीं नाहीं?" मीं सांगितलें, "८२ आणि ८३ यांत झाला नाहीं. तुमच्या पदरीं एक विजय बांधला नाहीं, एवढा झाला. पण शिकागोला खेळूं दिलें, याबद्दल तक्रार करूं नकोस." त्याला तें सर्वस्वीं पटलेलें दिसलें नाहीं. घरांतील मुलें मात्र दुसऱ्या दिवशीं कॅरमच्या अर्धवट राहिलेल्या डावाचा निवाडा मागावयास माझ्याकडे आलीं. मीं प्रथम एवढेंच विचारलें, "पाळी कोणाची राहिली आहे?"