पडदा आला, धडा कुठे आहे?

सीमाभागातील मराठी शाळांना प्रोजेक्टर, मोठा पडदा, टॅब भेट देण्याची चांगली प्रथा अलीकडे पडली आहे. माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईहून पैसे पाठवतात, नारळ फुटतो, देणगीदाराच्या नावाची पाटी भिंतीवर लागते. या दातृत्वाचे आम्हाला कौतुकच आहे. पण पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी चौथीच्या मुलांना त्या पडद्यावर काय दाखवायचे, हे फारसे कोणी विचारत नाही.

आपल्या शाळांची अडचण जगावेगळी आहे. भाषा मराठी, पुस्तक कर्नाटक सरकारचे. मराठीत तयार मिळणारे शालेय पाठ मात्र बहुतेक बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेले. अपूर्णांक इकडे-तिकडे सारखेच. पण धड्यांचा क्रम, परिसर अभ्यासातील जिल्हे, इतिहासाची मांडणी आणि शेवटी दहावीची परीक्षा, सगळे वेगळे. दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाने जुळणारा पाठ शोधत बसायचे कधी? चार दिवस धडपड होते, मग प्रोजेक्टरवर कापड पडते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. आपल्याकडे चर्चा झाली ती १० लाख डॉलरची, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटले त्याची. मुद्दा खरा दुसराच होता. त्यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. मोबाइल समोर धरला की त्याच धड्याचे साहित्य उघडायचे. यंत्र पुस्तकाच्या मागे चालले, पुस्तक यंत्राच्या मागे नव्हे. केंद्राने २०१७ साली सुरू केलेल्या 'दीक्षा'चीही रीत हीच आहे.

थोडे हिशेबाचे. आयकराच्या नियमांत संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात, तो उगीच नव्हे. बॅटरी बसते, दिवा जातो, वीजबिल दरमहा येते. म्हणून देणगीचा तिसरा हिस्सा शाळेच्या नावे ठेवीत टाकावा आणि व्याजावर देखभाल चालवावी, असे आम्ही सुचवतो. 'वीजबिल अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी कोणाला नको असते, हेही आम्ही जाणतो.

सरकारांकडेही मागणे आहे. घटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे म्हटले आहे. मराठीत पुस्तक छापले म्हणजे सोय पुरी झाली, असे आज मानता येणार नाही. जे पाठ बंगळूर कन्नडमध्ये करून घेते, ते मराठीतही हवेत. महाराष्ट्र सरकारनेही बालभारतीचे पाठ कर्नाटकाच्या पुस्तकांच्या क्रमाने लावून द्यावेत. २००४ च्या सीमादाव्याच्या निकालाशी याचा काही संबंध नाही. पुण्यात बसून होण्यासारखे काम आहे.

आणि हे तातडीचे आहे. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात ठरवले. तो हक्क आपली जुनी घराणीही बजावतातच: मोर्चाला मराठी, प्रवेशाला इंग्रजी. त्यांना केवळ अस्मितेच्या नावाने परत बोलावून ती येणार नाहीत. शाळेत शिकवणे चांगले चाललेले दिसले, तर त्यांतली काही येतील.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. मराठी शाळांतून निवृत्त झालेले कितीतरी शिक्षक आपल्यात आहेत. कर्नाटकाचे मराठी पुस्तक समोर ठेवून त्यांनी दहा-दहा मिनिटांचे पाठ सांगावेत, तरुणांनी मोबाइलवर टिपावेत आणि पेनड्राइव्हवर शाळांना द्यावेत. इंटरनेट नसले तरी अडणार नाही. सुरुवात चौथीच्या गणितापासून व्हावी. भाषेच्या गुरुजींनी रागावू नये, पालक पहिल्यांदा गणिताचीच वही उघडून बघतात.