वर्गणी आणि मंजुरी

यंदा वर्षभर एक शब्द कानाला टोचत राहिला: ‘मंजूर’. नाट्यगृह मंजूर झाले, त्याच्या दुरुस्तीचा निधी मंजूर झाला, वाढीव निधीही लवकरच मंजूर होईल. वर्ष तसे साधे गेले नाही. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली उभी पिके नेली. शाळेतल्या हिंदीवरून वादळ उठले आणि जूनअखेर शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. या दोन्ही गोष्टींवर आमचे वाचक भरपूर बोलले आहेत, ते इथे पुन्हा सांगायची गरज नाही. म्हणून त्या एका शब्दाविषयीच लिहितो. नाट्यगृह ही अर्ज करून मिळवायची वस्तू आहे, असे आपण कधीपासून मानू लागलो? ज्या वास्तूत लोकांचा पैसा लोकांनी आपण होऊन घातलेला नाही, तिच्यावरचा त्यांचा हक्क कागदावरच राहतो, असे आमचे म्हणणे आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबाग मैदानालगत पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू. ती जळताना पाहून अख्खे शहर हळहळले, आणि शासनाने पुनर्बांधणीचा निधी जाहीरही केला. यात गैर काहीच नाही. पण अशाच एका ऑगस्टात, १२ ऑगस्ट १८८१ रोजी, प्राग शहरातले झेक लोकांचे राष्ट्रीय नाट्यगृह जळाले, तेव्हा काय घडले ते पाहण्यासारखे आहे. ते नाट्यगृह उघडून जेमतेम दोन महिने झाले होते. ११ जूनला स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या संगीतिकेने पडदा वर गेला होता. त्यासाठी तीस वर्षे वर्गणी गोळा होत होती. १८६८ साली पायाभरणीसाठी बोहेमिया-मोराव्हियातल्या मानाच्या ठिकाणांहून दगड आणले गेले होते. हे सारे एका दिवसात काळवंडले, आणि लोकांनी ४७ दिवसांत दहा लाख गिल्डर पुन्हा उभे केले. १८ नोव्हेंबर १८८३ ला त्याच संगीतिकेने दार पुन्हा उघडले. रंगमंचाच्या कमानीवर तिथे दोनच शब्द आहेत. त्यांचा अर्थ ‘राष्ट्राने स्वतःला’. बांधायला प्रागलाही दोन वर्षे लागली, तेव्हा कामाच्या वेगावरून कोल्हापूरला बोल लावण्यात अर्थ नाही. फरक वेगात नाही. तिथे आगीनंतर पहिली हाक शेजाऱ्याला गेली; आपल्याकडे ती मंत्रालयाकडे जाते.

यावर चोख आक्षेप येतील. पहिला असा, की प्रागची गोष्ट थोडी रंगवून सांगितली जाते. देणगीदारांत सरदार-उमराव होते, खुद्द सम्राट फ्रान्स जोसेफही होता. खरे आहे. पण सम्राटाचे नाव वर्गणीदारांच्या यादीत आले, वर्गणीदार सम्राटाच्या दारात याचक म्हणून उभे राहिले नाहीत. मुद्दा एवढाच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: झेक लोकांवर परक्यांचे राज्य होते, आपले सरकार आपलेच आहे, कर आपणच भरतो, मग वर्गणी पुन्हा कशाला? कर न देऊन चालत नाही आणि तो कुठे गेला ते कळत नाही. वर्गणी माणूस विचार करून देतो, म्हणून पुढे तिचा हिशेब विचारतो. छत्रपती संभाजीनगरात पैठणच्या नाथांचे नाव मिरवणारे संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद होते. त्या काळात रंगकर्मी बोलले, प्रेक्षक मात्र गप्पच होते. आपले काही अडकले आहे, असे प्रेक्षकाला वाटलेच नसावे. तिसरा आक्षेप दांडगाईच्या वर्गणीचा. तो तर घरोघरी अनुभवाचा आहे. त्यावर उपाय पावतीपुस्तक आणि भिंतीवर लावलेला जमाखर्च. वर्गणीच नको, हा नव्हे.

आणि मराठवाड्याला हे परवडेल का? पावसाने झोडपलेल्या वर्षात हा प्रश्न कुचेष्टेचा वाटू नये, म्हणून नीट उत्तर देतो. मंदिराचा जीर्णोद्धार, कळस, सप्ताह, जत्रेचा फड, यांसाठी इथली गावे दुष्काळातही पट्टी काढतात. ऐपत आहे, ती नाटकाकडे वळलेली नाही, एवढेच. वळावी असे सांगणारी परंपरा मात्र आपलीच आहे. नाथांच्या भारुडाला छप्पर लागले नाही, समोर बसलेली माणसे पुरली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत नाटक केले ते राजाश्रयाने. १८५१ मध्ये सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन गेले, आश्रय सुटला, आणि दोनच वर्षांत हीच मंडळी मुंबईत तिकीट लावून खेळ करू लागली. मराठी नाटक प्रेक्षकाचे झाले ते तिथे. पुढे १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. म्हणजे एके काळी नाटकवाले देशाला वर्गणी मिळवून देत होते. आज नाटक उलट पुन्हा राजाश्रयाला गेले आहे, राजा तेवढा बदलला.

यंदाच्या अंकाचा विषय ‘जमीन’. नाट्यगृहाचा त्याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध ओढूनताणून आणला असेल, पण बिडकीनमध्ये बसून तो सुचणे चुकत नाही. इथली औद्योगिक वसाहत ७,८५५ एकरांची, खर्च ६,४०० कोटींहून अधिक, लोकार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये. कारखाने येतील, त्यांच्यामागून माणसे येतील, आणि पैठणच्या रस्त्यावरच्या या गावांना संध्याकाळी काय करावे हा प्रश्न पडेल. तेव्हा एखाद्या एकरावर रंगमंच हवा, अशी मागणी कुणीतरी करीलच, आणि बहुधा एखादा भूखंड मंजूरही होईल. त्याला आमचा विरोध नाही. जमीन शासनाने द्यावी, मोठा खर्चही उचलावा. फक्त अर्जासोबत वर्गणीच्या पावत्यांचे गठ्ठे जोडलेले असावेत, आणि पावती असलेल्यांना कारभारात जागा असावी. इथल्या शेतकऱ्याला शिकवायला नको, की सातबाऱ्यावर नाव नसेल तर बांधावर उभे राहून नुसते बघावे लागते.